फिजिओ संपली, पुढे काय? गुडघा बदललेल्या माणसाचा व्यायाम घेताना

गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन अडीच महिने झालेले असतात. फिजिओथेरपिस्टचं घरी येणं थांबलेलं असतं, वॉकर माळ्यावर गेलेला असतो. मुलगा फोनवर नातेवाइकांना सांगतो, "आई आता मस्त चालते." आणि तीच आई जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरते, खुर्चीतून उठताना हात टेकते, भाजीला जायचं उद्यावर ढकलते. दुखणं गेलेलं असतं, ताकद मात्र आलेली नसते. पर्सनल ट्रेनरचं काम सुरू होतं ते इथे.

पुण्यात घरोघरी जाऊन मी अशाच माणसांचे व्यायाम घेते. गुडघा बदललेली, अँजिओप्लास्टी झालेली, कंबर धरून बसलेली माणसं. हा लेख लिहिते आहे तो जिममधून या कामाकडे वळणाऱ्या नव्या ट्रेनरसाठी. घरच्यांनीही वाचावा, म्हणजे ट्रेनरकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. सगळे आजार एका लेखात मावणार नाहीत. म्हणून पूर्ण गुडघारोपणाचं उदाहरण धरून पायरीपायरीने जाऊ आणि बाकीच्यांना वाटेत हात लावू.

आधी कागद, मग चटई

पहिल्या फोनवरच सांगा की डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि फिजिओचे कागद काढून ठेवा. मी ते घरी गेल्यावर निवांत बसून वाचते. कोणता पाय, कोणती तारीख, दोन्ही गुडघे एकदम झाले की एकच, शस्त्रक्रियेआधी काय त्रास होता. औषधांत तीन गोष्टी शोधायच्या: रक्त पातळ करणारी गोळी, रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन. या तिन्हींमुळे व्यायामाची आखणी बदलते. शेवटच्या दोन्हींचं पुढे सांगते.

मग सर्जनला किंवा फिजिओला तीन प्रश्न. पायावर पूर्ण भार द्यायला परवानगी आहे का? वाकवायची काही मर्यादा घातली आहे का? कुठली गोष्ट अजिबात करायची नाही? उत्तर व्हॉट्सॲपवर आलं तरी चालेल, पण लिहिलेलं असू दे. "डॉक्टर म्हणाले सगळं करा" हे पेशंटच्या तोंडून ऐकलेलं वाक्य म्हणजे परवानगी नव्हे. सर्जनच्या लेखी "सगळं" म्हणजे चालणं-फिरणं असतं. तुम्ही स्क्वॉट घ्याल हे त्यांच्या डोक्यातही नसतं.

फिजिओशी बोलताना शेवटच्या भेटीतले दोन आकडे विचारा: गुडघा किती अंश वाकत होता आणि पूर्ण सरळ होत होता का. सपाट रस्त्यावर चालायला साधारण ६५ अंश वाकणं पुरतं, जिन्याला ८५ ते ९०, आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून उठायला त्याहून थोडं जास्त. वाकण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, सरळ होण्याकडे नसतं. पण जो गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहतो त्याच्या मांडीला उभं राहतानासुद्धा सुट्टी मिळत नाही, आणि माणूस लंगडतच राहतो. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर पहिल्याच दिवशी ती उशी काढायला सांगा. बरं वाटतं म्हणून घेतलेली तीच उशी पाय वाकडा ठेवते.

आपली हद्दही इथेच ठरवून घ्या. फिजिओथेरपी हा वेगळा, शिक्षणाने मिळवलेला व्यवसाय आहे आणि २०२१च्या राष्ट्रीय कायद्याखाली त्याची नोंदणी येते. ट्रेनर निदान करत नाही, अडकलेला सांधा जोर लावून वाकवत नाही, जखमेला हात लावत नाही. तपासून दिलेल्या माणसाची ताकद आणि दम वाढवणं हे आपलं काम, आणि तेवढं नीट केलं तरी खूप आहे.

पहिला दिवस मोजमापाचा

पहिल्या दिवशी मी व्यायाम घेत नाही. चहा घेते, घर बघते. संडास भारतीय आहे की कमोड, बाथरूममध्ये धरायला काही आहे का, पलंग किती उंच, जिन्याला कठडा कुठल्या बाजूला. आणि विचारते, "काकू, काय करायचं राहिलंय?" उत्तर "बरं व्हायचंय" असं आलं तर परत विचारा. एका काकूंनी बराच विचार करून सांगितलं, "पर्वती चढायचीय गं. दर वर्षी जायचो आम्ही." पर्वतीच्या १०३ पायऱ्या. त्यांच्या इमारतीत एका मजल्याला १८ पायऱ्या आणि त्या राहायच्या तिसऱ्या मजल्यावर. वहीच्या पहिल्या पानावर मी ते गणित मांडलं: घरापर्यंतच्या ५४ पायऱ्या, त्याची दुप्पट केली की पर्वती आलीच. पुढचे सहा महिने त्या वहीत दुसरं कुठलंही उद्दिष्ट लिहावं लागलं नाही.

मग मोजायच्या गोष्टी.

साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. पासष्टीच्या आसपासच्या बाईला ११, पुरुषाला १२ च्या खाली आकडा आला तर तो वयाच्या मानाने कमी समजतात. गुडघा बदललेल्यांना बऱ्याचदा सुरुवातीला हात न लावता एकदाही उठता येत नाही. मग "शून्य" लिहा, न लाजता.

दुसरी चाचणी: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम अगदी सुरुवातीपासून ठेवा.

टेपने दोन्ही मांड्या मोजा, गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर. गुडघाही वाटीच्या मधोमध मोजा. मांडीचा फरक ताकदीचा अंदाज देतो, गुडघ्याचा फरक सुजेचा.

आणि माझी सगळ्यात आवडती तपासणी, दोन वजनकाट्यांची. एकसारखे दोन साधे काटे शेजारी ठेवायचे, एकेक पाय एकेकावर, आणि म्हणायचं, "समोर बघून सरळ उभं राहा." त्या काकूंचं वजन ६४. डाव्या काट्यावर ३८ आणि उजव्यावर, म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला, २६. त्या म्हणाल्या, "अगं, मी तर सरळच उभी आहे!" मी त्यांना खाली बघायला सांगितलं. त्या बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत राहिल्या. मग हळूच उजवीकडे झुकल्या. ३० झालं, ३२ झालं, आणि म्हणाल्या, "आता मला पडल्यासारखं वाटतंय."

वर्षानुवर्षं दुखरा पाय वाचवत चाललेल्या माणसाचं हे असंच होतं. सांधा नवा आला, उभं राहायची सवय जुनीच राहिली. शिवाय सांधा सुजलेला असला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही. पेशंट आळस करत नसतो, स्नायूपर्यंत हुकूमच अर्धा पोचत असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहूनही खाली येते. हे घरच्यांना समजावून सांगा. "आई प्रयत्नच करत नाही" हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे, आणि ते ऐकून खाली घातलेली मानही पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: व्यायाम झेपला की नाही ते व्यायाम करताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

मी हे उशिरा शिकले. सुरुवातीच्या काळात एका काकांचे व्यायाम घ्यायची. एक दिवस ते फार उत्साहात होते, काही दुखत नाही म्हणाले, आणि मी बैठकांचे सेट दुप्पट केले. मी येण्याआधी तासभर त्यांनी वेदनाशामक गोळी घेतली होती आणि मी ते विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा नारळासारखा सुजला, पुढचे आठ दिवस व्यायाम बंद. त्याहून वाईट म्हणजे त्यांचा पायावरचा विश्वास गेला, तो परत यायला महिना लागला. चूक पूर्णपणे माझी होती.

तेव्हापासून वही. साधी दोनशे पानी. रोज सकाळी पेशंटने स्वतः तीन गोष्टी लिहायच्या. उठल्यावर दुखणं दहापैकी किती? गुडघा कालच्यापेक्षा जड किंवा सुजलेला आहे का? झोप कशी लागली? आणि गोळी घेतली असेल तर किती वाजता.

माझा नियम असा. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर आलं पाहिजे आणि सूज वाढलेली नसावी. तसं असेल तर तोच डोस पुढे चालू. सकाळी दुखणं चढलेलं किंवा गुडघ्याचा टेप सेंटिमीटरभर जास्त दाखवत असेल तर आज निम्मं काम, आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं. सलग दोन-तीन दिवस उतरलं नाही तर फिजिओला फोन.

गुडघा थोडा कोमट लागणं आणि संध्याकाळी जरा भरून येणं हे तीन ते सहा महिने चालतं, त्याला घाबरायचं नाही. बर्फ पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बऱ्याच जणांची बधिर असते, म्हणून बर्फ थेट लावू नका, चटका बसलेला कळत नाही. गरम शेकाचंही तेच.

पहिले तीन आठवडे

आठवड्यात तीन दिवस ताकदीचा व्यायाम, मध्ये एकेक दिवस मोकळा. चालणं मात्र रोज, दहा मिनिटांपासून, दिवसातून दोन-तीन वेळा तुकड्यांत. काठी वापरत असतील तर ती निरोगी पायाच्या बाजूच्या हातात असायला हवी. बहुतेक जण दुखऱ्या बाजूला धरतात. ही एक दुरुस्ती केली तरी चाल लगेच बदललेली दिसते.

सुरुवात पलंगावर. पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी, आणि पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. पाय आपल्या वजनाने सरळ होतो. मग गुंडाळी काढून मांडी आवळायची, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. तुमची बोटं वाटीच्या वर आतल्या बाजूला ठेवा. तिथला स्नायू तुमच्या बोटांखाली घट्ट झाला पाहिजे. तो होत नसेल तर पुढच्या व्यायामांत माणूस नितंब आणि कंबर वापरून वेळ मारून नेतो, मांडी तशीच राहते. टाच घसटत गुडघा वाकवणं दहा वेळा.

मग खुर्ची. यात मी सोलापुरी चादर वापरते. चादरीची घडी घालून खुर्चीवर ठेवायची, इतकी उंच की हात न लावता उठता येईल. सहा वेळा उठणं-बसणं, असे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. दोन्ही पावलं एका रेषेत हवीत, कारण शस्त्रक्रिया झालेला पाय नकळत पुढे सरकतो आणि सगळा भार दुसऱ्यावर जातो. बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसायचं, धपकन नाही. एका घडीवर तीन सेट दोन वेगवेगळ्या दिवशी नीट झाले आणि दोन्ही सकाळी वही चांगलं बोलली, की चादरीची एक घडी उलगडायची. काकूंना चादर पूर्ण काढून टाकायला पाच आठवडे लागले. त्या दिवशी त्यांनी ती धुवून, वाळवून कपाटात ठेवली.

उभ्याने करायचे व्यायाम स्वयंपाकघराच्या ओट्याशी घ्या. ओटा हलत नाही, उंची बरोबर असते, आणि तुम्ही नसलात तरी पोळ्या होईपर्यंत दहा वेळा टाचा उचलल्या जातात. टाचा उचलणं दहाचे दोन सेट. पाय बाजूला नेणं, कंबर न झुकवता, दहाचे दोन. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला बोटं चिकटवून ठेवायचं आणि वीस सेकंद उभं राहायचं, ओट्यावर दोन बोटांचा आधार. मग एका बोटाचा.

शेवटी दोन काट्यांवर एक मिनिट. आकडे बघत भार सारखा करायचा, मग डोळे समोर, परत आकडे. याला ताकद लागत नाही, लक्ष लागतं.

मालिशबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली की कुणीतरी तेल लावून पाय चोळायला येतंच. मांडीवर हलका हात फिरवायला हरकत नाही, पण पोटरी जोरात चोळू देऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. घरातल्या मोठ्या बाईंना हे आदराने, पण स्पष्ट सांगा.

वजन कसं वाढवायचं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांच्या मांड्या वाळलेल्या असायच्या, आणि त्यांच्याकडून हलक्या हालचाली असंख्य वेळा करून घ्यायची तेव्हाची पद्धत होती. डीलॉर्म स्वतः वजनं उचलणारे. त्यांनी उलट केलं: वजन जास्त, आवर्तनं कमी, आणि वजन पायरीपायरीने वाढवत न्यायचं. १९४५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे ठरलेली पद्धत अशी होती: दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन शोधायचं, मग पहिला सेट त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊणवर, तिसरा पूर्ण, प्रत्येकी दहा. आज जिममध्ये "तीन सेट दहाचे" म्हणतात त्याचं मूळ हे, दुखावलेल्या गुडघ्यांतलं.

मला ही पद्धत आजारातून उठलेल्यांसाठी अजूनही सगळ्यात सुरक्षित वाटते, कारण पहिले दोन सेट म्हणजे आपोआप झालेली तयारी. खुर्चीत बसून पाय सरळ करताना घोट्याला वजनाची पट्टी बांधा. पट्टी नसेल तर तांदळाची थैली कापडात गुंडाळून बांधता येते. दहा वेळेला जेमतेम एक किलो झेपत असेल तर अर्धा, पाऊण, एक. पाय सरळ झाल्यावर वर दोन आकडे थांबायचं आणि सावकाश खाली आणायचं. उतरण्यातच जास्त काम आहे. तिन्ही सेट दोन दिवस नीट झाले तर पाव किलो वाढवा.

एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. या आठवड्यात वजन वाढवलं तर चालण्याचं अंतर तेवढंच. नाहीतर गुडघा सुजल्यावर कशाने सुजला ते कळायला मार्ग उरत नाही. आणि घरात लग्न, गणपती, पाहुणे असतील तर तो आठवडा वाढवायचा नाही. आरतीला अर्धा तास उभं राहणं हाही व्यायामच आहे, तो वहीत लिहा.

श्वास रोखू देऊ नका. उठताना किंवा उचलताना श्वास सोडायचा. मी मोठ्याने आकडे मोजायला लावते. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.

जिना

खाली-वर जाण्याचा जुना नियम फिजिओने शिकवलेला असतो: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. तो सुरक्षित आहे आणि कठडा धरून तो चालू राहू दे. पण त्यात नवा गुडघा कधीच पूर्ण काम करत नाही. एकामागोमाग एक पाय टाकून चढायचं तर वेगळा सराव लागतो.

सुरुवात चार इंच उंचीच्या पक्क्या ठोकळ्यावर. घरातला पाट वापरायचा मोह होतो. वापरू नका, फरशीवर सरकतो. शस्त्रक्रिया झालेला पाय पूर्ण ठोकळ्यावर, टाचेसकट. पुढे झुकून त्याच पायावर वर यायचं. खालच्या पायाने ढकलायचं नाही. ढकलतात की नाही ते बघायला मी खालच्या पायाची बोटं वर उचलून ठेवायला सांगते, फक्त टाच जमिनीला. बोटं उचलली की ढकलता येत नाही. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. आत पडत असेल तर ठोकळा उंच आहे किंवा नितंबाचा बाजूचा स्नायू कमी पडतोय. ओट्याशी पाय बाजूला नेण्याचा व्यायाम वाढवा.

आठ वेळा, तीन सेट. मग सहा इंच. मग इमारतीतली खरी पायरी, ती बहुतेक सहा-सात इंचांची असते.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड आहे आणि ते निदान दोन-तीन आठवडे मागून शिकवायचं. ठोकळ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हलकेच टेकवायची आणि परत वर. भार खाली सोडायचा नाही, जणू खाली अंडं ठेवलंय. तुम्ही पुढून नाही, एक पायरी खाली आणि बाजूला उभे राहा, कठड्याच्या विरुद्ध अंगाला.

जमिनीवर बसणं आणि उठणं

"मांडी घालून बसता येईल का?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. त्याचं उत्तर ट्रेनरने द्यायचं नाही. सांधा कुठला बसवला, किती वाकतो, सर्जनचं मत काय यावर ते असतं, आणि बहुतेक सर्जन रोज जमिनीवर बसणं टाळायलाच सांगतात. पण जमिनीवरून उठायला येणं ही वेगळी गोष्ट आहे. कधी पडलं तर उठता यायला हवं. साधारण तीन महिन्यांनंतर, सर्जनला विचारून, मी हे शिकवते.

कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन ओणवं व्हायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं. खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात. चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवायचं, हात आणि तो पाय मिळून वर उचलायचं, वळून बसायचं. नव्या गुडघ्याखाली जाड उशी ठेवा. गुडघ्यावर टेकलं की विचित्र वाटतं, बधिर कातडीमुळे भीतीही वाटते, हे आधी सांगून ठेवा. पहिल्या वेळी घरातलं कुणी तरी समोर असू दे, म्हणजे त्यांनाही कळेल की पडलेल्या माणसाला काखेत धरून ओढायचं नसतं.

सोबतीचे आजार

साठीच्या पुढे नुसता गुडघा क्वचितच येतो.

मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी ग्लुकोमीटरने साखर बघा. ९०-१०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या आणि वाढल्यावर सुरुवात करा. ७० च्या खाली म्हणजे साखर घसरली: तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, त्या दिवशी व्यायाम नाही. २५०च्या वर असून बरं वाटत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रिकाम्या पोटी पहाटेचा व्यायाम यांच्यासाठी नाही. आणि दर आठवड्याला दोन्ही तळपाय बघा. बोटांच्या बेचक्यातली छोटी जखम त्यांना जाणवत नाही.

रक्तदाब बसून मोजा. १८०/११०च्या वर असेल तर व्यायाम नाही, फोन डॉक्टरांना. बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका, ती गोळीच नाडी वाढू देत नाही. साखर घसरल्यावर होणारी थरथर आणि धडधडही ती लपवते, घाम तेवढा येतो. अशा वेळी बोलण्याची कसोटी: व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागली तर वेग कमी. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांना शेवटी एकदम थांबवू नका, पाच-दहा मिनिटं हळूहळू उतरवा. बायपासमध्ये छातीचं हाड कापलेलं असतं, ते भरायला आठ ते बारा आठवडे जातात. तोवर हातांवर जोर देऊन उठणं नाही, ढकलणं-ओढणं नाही, दोन-तीन किलोंहून जड काही उचलणं नाही.

कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीचा त्रास असेल तर दुखणं किती यापेक्षा ते कुठे गेलं ते विचारा. मांडीतून पोटरीकडे उतरत गेलं तर तो व्यायाम थांबवा. पायातून निघून कंबरेत गोळा झालं, तर कंबर जरा जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे.

लगेच थांबायचं तेव्हा

हे पान मी फ्रिजवर चिकटवते, घरच्यांच्या अक्षरात लिहून घेऊन.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते: त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप, छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ: बसवा, १०८ला फोन, गाडी काढायची वाट बघू नका. जखमेतून पाणी किंवा पू, ताप, वाढत जाणारा लालपणा: सर्जनला त्याच दिवशी, मग शस्त्रक्रियेला दोन वर्षं झालेली असोत. कंबरेच्या रुग्णाला मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला: थेट रुग्णालय, रात्र असली तरी. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना: १०८.

यात "थोडं बघू या" असं काही नाही.

आपण निघायची वेळ

पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा जाते, मग दोनदा, मग एकदा. मधले दिवस पेशंट एकटा करतो आणि वही भरतो. चौथ्या महिन्यात मी फक्त बसून बघते. सांगायचं नाही, मोजायचं नाही, घाई करायची नाही. चुकलं तर शेवटी विचारायचं, "आज काय राहिलं?" बहुतेकांना ते स्वतःलाच माहीत असतं.

जाण्याआधी सगळ्या चाचण्या परत घ्या. त्या काकूंची ३० सेकंदांची बैठक शून्यावरून १३वर गेली. मांड्यांमधला फरक अडीच सेंटिमीटरवरून एकवर आला, म्हणजे उजवी अजून पूर्ण भरलेली नव्हती, आणि मी ते तसंच सांगितलं. वर्षभर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम ठेवायचा असं आमचं ठरलं. तीन महिन्यांनी एकदा मी येणार, टेप आणि काटे घेऊन.

शेवटच्या दिवशी काटे परत ठेवले. ३३ आणि ३१. काकूंनी खाली न बघताच विचारलं, "जुळलं ना?" मग वही काढली आणि पहिल्या पानावरच्या १०३ समोर पेन्सिलने तारीख लिहिली, थंडी सरल्यानंतरची.